मंगळवारी येणारं माणूस

दादाला एका साध्या खुर्चीत बसवून चौघांनी दोन जिने खाली उतरवलं. मी पुढे चालत होते आणि पावलापावलाला मागे वळून बघत होते. त्याची छाती ओढणीनं खुर्चीच्या पाठीला बांधली होती, मान आईनं दोन्ही हातांनी धरली होती. पाय मात्र कुणीच धरले नव्हते. वळणावर उजवा पाय निसटला आणि टाच चार-पाच पायऱ्यांच्या कडांवर घासत गेली. दादाला ते कळलं नाही, कारण छातीखालचं त्याला काहीच कळत नाही. आम्हाला कळलं ते खाली पोचल्यावर, मोजा लाल झालेला दिसला तेव्हा.

एका दाखल्यासाठी त्याला नेत होतो. हा माणूस घराबाहेर पडू शकत नाही, त्याला घरी सेवा मिळावी, असं लिहून देणारा दाखला. त्यासाठी त्यानं स्वतः हजर राहणं आवश्यक होतं. मी आधी दोनदा जाऊन विचारून आले होते. फोटो चालेल का, रुग्णालयाचे कागद चालतील का, कुणी घरी येऊन बघून जाईल का. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं, "त्यांना घेऊन या." दाखला मिळाला. टाचेची जखम भरायला साडेतीन महिने लागले.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांबद्दल कुणी बोलू लागलं की त्याग, सेवाभाव, पुण्य असे शब्द येतात. आमच्या घरी आलेल्यांनी ते भरभरून वापरले आणि मनापासून वापरले, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण मला बोलायचं आहे ते वारांबद्दल. कुठल्या वारी, किती वाजता, कोण येणार, आणि ते माणूस आलं नाही तर काय होतं, याबद्दल.

दादाच्या मानेच्या मणक्याला मार लागला तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. मज्जारज्जूची इजा ज्या पातळीवर झाली तिला डॉक्टर 'सी सिक्स' म्हणतात. खांदे हलतात, कोपर वाकतो, मनगट वर उचलता येतं. बोटं स्वतःहून हलत नाहीत. वाकलेला कोपर जोर लावून सरळ करता येत नाही. रुग्णालयातून सोडताना एक कागद हातात दिला. दर दोन तासांनी कूस बदला. सांध्यांचे व्यायाम द्या. लघवीची नळी स्वच्छ ठेवा. त्वचा रोज तपासा. घास देताना ताठ बसवा. त्या कागदावरच्या प्रत्येक क्रियापदाचा कर्ता आम्ही होतो. फक्त शेवटच्या ओळीत कर्ता बदलला होता: 'रुग्णाने दर महिन्याला बाह्यरुग्ण विभागात येणे.'

कूस बदलण्याचं आधी सांगते, कारण आमचं सगळं आयुष्य त्या दोन तासांवर बेतलेलं होतं. शरीराचं वजन हाडाच्या उंचवट्यावर पडून राहिलं की तिथल्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो. तुम्हीआम्ही झोपेतसुद्धा नकळत कूस बदलतो. ज्याला दुखतच नाही, त्याचं शरीर त्याला हलायला सांगत नाही. आई रोज सकाळी दादाला कुशीवर घेऊन माकडहाडावर अंगठा दाबायची आणि उचलायची. दाबलेली जागा फिकी पडून परत लाल झाली तर ठीक. लालीच तशीच राहिली, अंगठ्याखाली फिकी पडलीच नाही, तर समजायचं की आत नुकसान सुरू झालं आहे आणि त्या जागेवर आता भार द्यायचा नाही. हवेची गादी आणली होती, तिचा उपयोगही होता, पण कूस बदलण्यातून तिनं सुटका केली नाही. पाठीमागे उशी लावून पूर्ण कुशीवर न नेता तीसेक अंशांत कलतं ठेवायचं, म्हणजे कमरेच्या हाडावर सगळा भार येत नाही. टाचा तर टेकूच द्यायच्या नाहीत, पोटऱ्यांखाली उशी घालून अधांतरी ठेवायच्या. हे सगळं आम्ही शिकलो, पण एकेका जखमेच्या मोबदल्यात शिकलो.

दर दोन तासांनी म्हणजे दिवसातून बारा वेळा, त्यातल्या चार वेळा रात्री. या नियमाचं मूळ शोधताना मी लुडविग गुटमन या डॉक्टरांपर्यंत पोचले. नाझी जर्मनी सोडून इंग्लंडला आलेल्या या ज्यू डॉक्टरांनी १९४४ साली स्टोक मँडेव्हिल इथे मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. तोवर अशा माणसाच्या बाबतीत बहुतेकांनी हात टेकलेले असत. मरण यायचं ते बहुधा पाठीच्या जखमांनी नाहीतर लघवीच्या संसर्गानं. गुटमननी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम घातला आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायला रात्री स्वतः वॉर्डात फिरले. १९४८ साली त्यांनी तिथे व्हीलचेअरवरच्या १६ जणांच्या स्पर्धा घेतल्या, त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं, आणि जगाला त्यांचं नाव त्यामुळे माहीत आहे. मला मात्र त्यांच्या त्या रात्रीच्या फेऱ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. वॉर्डात पाळ्या असतात. रात्रपाळीची सिस्टर सकाळी घरी जाते, दुसरी येते. माणूस बरा झाला, घरी सोडला, की नियम त्याच्याबरोबर घरी येतो. पाळ्या रुग्णालयातच राहतात.

आमच्याकडे तिन्ही पाळ्या आईच करायची. मी नोकरीवरून आले की रात्रीची एक कूस माझी असायची. पहाटे तीनचा गजर तिनं मला कधी लावू दिला नाही.

सार्वजनिक गृहसेवेतलं पहिलं माणूस आमच्या दारात आलं ते आठ महिन्यांनी, एका मंगळवारी. ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई होत्या, म्हणजे रोजची कामं माणसाला जमतील तितकी स्वतः करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या. पिशवी त्यांनी उघडलीच नाही. दादाच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि आधी त्यालाच विचारलं, "दिवसभरात सगळ्यात जास्त चीड कशाची येते?" आठ महिन्यांत त्याला थेट कुणी काही विचारलं नव्हतं. डॉक्टर विचारायचे ते आईला, 'जेवतो का', 'झोपतो का'. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तहान लागली की हाक मारावी लागते."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. चालणं नाही, उभं राहणं नाही. पाणी.

मग त्यांनी त्याचे हात बघितले. डावा हात हातात घेऊन सांगितलं, "मनगट वर उचला." दादानं उचललं, आणि त्याची बोटं आपोआप थोडी मिटली, अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकला. "आता मनगट खाली सोडा." बोटं उघडली. बाईंचा चेहरा उजळला. बोटांचे स्नायू निकामी असले तरी बोटं वाकवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटावरून पुढे जातात. मनगट मागे वळलं की त्या ताणल्या जातात आणि बोटं मिटतात. कंडरा जरा आखूड, घट्ट राहिल्या असतील तर त्या मिटण्यात एखादी हलकी वस्तू धरण्याइतकी पकड येते. सी सिक्सच्या माणसाकडे स्वतःची म्हणावी अशी तेवढीच पकड असते.

मग त्यांनी उजवा हात घेतला. मनगट वर गेलं, पण बोटं लोंबतीच राहिली.

आई रोज सकाळ-संध्याकाळ दादाच्या बोटांना व्यायाम द्यायची. मनगट मागे धरून बोटं एकेक करून पूर्ण सरळ करायची, दुमडू नयेत म्हणून. कागदावर 'सांध्यांचे व्यायाम' एवढंच लिहिलेलं होतं. कुणीही तिच्या जागी हेच केलं असतं. आणि नेमकं हेच करायचं नसतं. बोटं सरळ करायची तेव्हा मनगट खाली वाकलेलं हवं, आणि मनगट मागे न्यायचं तेव्हा बोटं मिटलेली हवीत. दोन्ही एकदम ताणलं की कंडरा सैल पडतात आणि ती पकड जाते. उजवा हात पलंगाच्या मोकळ्या बाजूला होता, म्हणून त्याला मनापासून व्यायाम मिळाला. डावा भिंतीकडे होता. तिथे आईचा हात नीट पोचायचा नाही, म्हणून तो वाचला.

हे ऐकून आई पलंगाच्या पायाशी बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. बाई उठून तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "मावशी, याचे दोन्ही खांदे किती मोकळे आहेत बघा. हे असे खांदे मला क्वचित बघायला मिळतात. ते तुमच्या हातांनी राहिलेत." हे खरंच होतं, त्या उगीच समजूत काढणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण मला त्या दिवसापासून एक गोष्ट पटलेली आहे. सेवा उशिरा मिळाली, तर मधल्या काळात नुसती वाट बघणं घडत नाही. मधल्या काळात घरातली माणसं आपल्या परीनं काहीतरी करत असतात, प्रेमानं करत असतात, आणि शरीर ते सगळं लक्षात ठेवतं.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला. त्याच्या २६व्या कलमात पुनर्वसनाबद्दल दोन गोष्टी आहेत: ते शक्य तितक्या लवकरच्या टप्प्यावर सुरू व्हावं, आणि माणूस राहतो त्या वस्तीच्या शक्य तितकं जवळ मिळावं, ग्रामीण भागातसुद्धा. १९व्या कलमात तर घरी मिळणाऱ्या सेवांचा आणि व्यक्तिगत साहाय्याचा स्पष्ट उल्लेख आहे. माणसानं कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे त्यानं ठरवावं, आणि तसं राहता यावं म्हणून त्याला मदत मिळावी, अशी ती कल्पना. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'शक्य तितक्या लवकर' या शब्दांपाशी थांबले. माझ्या डोळ्यांसमोर दादाचा उजवा हात होता.

त्यानंतरच्या मंगळवारी पलंग फिरवला. इतकं साधं काम, पण कुणाला सुचलं नव्हतं. डोकं आधी जिथे होतं तिथे पाय आले, आणि डावा हात भिंतीकडून खोलीकडे आला. पलंगाच्या कठड्याला एक वाकणारी दांडी बसवली, तिला पाण्याची बाटली आणि लांब नळी. मान थोडी वळवली की नळी ओठांशी येईल अशी. उजव्या तळहाताला बांधायला एक पट्टा शिवून घेतला. त्याच्या खाचेत चमचा, ब्रश, लिहायची काडी, काहीही खोचता येतं. मग बाईंनी टेप काढून दारं मोजली. न्हाणीघराचं दार व्हीलचेअरपेक्षा चार बोटं अरुंद निघालं. रुग्णालयाच्या व्यायामशाळेत सगळी दारं रुंद असतात आणि जमीन सपाट असते. तिथे जे जमतं ते घरी जमेलच असं नाही. आणि घरी जी अडचण असते ती तिथे दिसतच नाही. घरी येणाऱ्या थेरपिस्टच्या हातात फारशी यंत्रं नसतात, पण ती अडचण तिच्या समोर असते.

पहिल्यांदा स्वतःच्या मनानं पाणी प्यायला तेव्हा दादानं आम्हाला सांगितलंही नाही. संध्याकाळी बाटली अर्धी दिसली म्हणून कळलं.

हळूहळू मंगळवारला शुक्रवार जोडला गेला. शुक्रवारी सिस्टर यायच्या. लघवीची नळी बदलणं, जखम बघणं, रक्तदाब. त्यांनी पहिल्याच भेटीत एक कागद मोठ्या अक्षरांत लिहून पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला. अचानक जोरात डोकं दुखलं, तोंड लाल झालं, वरच्या अंगाला घाम फुटला, तर: आधी उठवून ताठ बसवा, पाय खाली सोडा, कपडे-पट्टे सैल करा, मग लघवीची नळी बघा, आणि लगेच फोन करा. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचा रक्तदाब अशा वेळी भयंकर चढतो. खाली कुठेतरी काहीतरी बिनसलेलं असतं, बहुतेकदा तुंबलेली लघवी. शरीर ओरडत असतं, पण ते ओरडणं डोक्यापर्यंत नीट पोचत नाही. तीन महिन्यांनी, रात्री पावणेदोनला, हे सगळं तसंच्या तसं घडलं. कागद समोर होता. बसवलं, पाय सोडले, नळी बघितली. ती मांडीखाली दुमडली होती. सरळ करताच पिशवीत लघवी धो धो उतरली आणि दहा मिनिटांत दादाचा चेहरा निवळला. तो कागद नसता तर आम्ही काय केलं असतं ते मला माहीत आहे. डोकं दुखतंय म्हणून आडवं निजवलं असतं.

जगात कुठेकुठे हे कसं चालतं ते मी त्या काळात अधाशासारखं वाचत होते. जपानमधली एक सेवा वाचली आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. तिथे वृद्ध आणि तीव्र अपंग माणसांना घरी येऊन आंघोळ घालतात. अंग पुसणं नव्हे, आंघोळ. साधारण तिघांचं पथक येतं, त्यात एक नर्स. आधी ताप आणि रक्तदाब बघतात. पलंगाशेजारी सुटे भाग जोडून टब उभा करतात, गाडीतून गरम पाण्याची नळी खोलीत आणतात, आणि माणसाला जाळीच्या झोळीत निजवून अलगद पाण्यात सोडतात. सगळं उरकलं की पाणी काढून, टब सुटा करून, खोली होती तशी करून जातात. तिथे २००० सालापासून दीर्घकालीन काळजीचा सार्वजनिक विमा आहे, चाळिशीपासून प्रत्येकजण त्याचा हप्ता भरतो, आणि अशा भेटी त्यात बसतात. मी हे दादाला वाचून दाखवलं. त्याच्या अंगावर तेव्हा दीड वर्षात पाण्याचा तांब्या पडला नव्हता, रोज ओल्या फडक्यानं पुसणं व्हायचं. तो छताकडे बघत म्हणाला, "गळ्यापर्यंत पाणी?"

केरळनं हेच काम अगदी वेगळ्या वाटेनं केलं. तिथे २००८ साली राज्य सरकारनं उपशामक सेवेचं, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करणाऱ्या सेवेचं धोरण जाहीर केलं आणि पंचायतींना त्यात ओढलं. पंचायतीची नर्स शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना घेऊन अंथरुणावरच्या माणसांच्या घरी फिरते. कर्करोगाचे रोगी असतात तसे लकव्याचे, मणक्याच्या इजेचेही असतात. मला त्यातलं आवडतं ते हे, की घरांची यादी पंचायतीकडे असते. या यादीला माझ्या लेखी फार किंमत आहे. आमच्या दारावरून लसीकरणवाले गेले, मतदारयादीवाले गेले, शिरगणतीवाले गेले, आणि पलीकडच्या खोलीत एक तरुण माणूस आठ महिने पडून आहे हे कुणाच्याच वहीत नव्हतं. ज्याला दाराबाहेर पडता येत नाही तो कुठल्याच रांगेत दिसत नाही, आणि रांगेत न दिसणाऱ्याची गरज मोजली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात सुमारे २४० कोटी माणसं अशी आहेत, की ज्यांना पुनर्वसनाचा उपयोग होईल. त्यात गुडघेदुखीपासून सगळं आलं. दादासारखे त्यातले थोडे. पण त्या २४० कोटींत दवाखान्यापर्यंत पोचू न शकणारेही हेच.

मोजण्याचा विषय निघाला म्हणून. दादाची पहिली तपासणी झाली तेव्हा बार्थेल निर्देशांक काढला होता. १९६५ सालापासून वापरात असलेली मोजपट्टी आहे ही. खाणं, आंघोळ, कपडे, संडास-लघवीवरचा ताबा, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं, जिना, अशा दहा गोष्टी आणि एकूण शंभर गुण. दादाला पाच मिळाले. बाटली आणि नळी आल्यानंतरही पाचच राहिले, कारण स्वतः पाणी पिण्याला त्यात वेगळा रकाना नाही. मोजपट्टीला मी नावं ठेवत नाही, कुणाला किती मदत लागेल हे ठरवायला काहीतरी लागतंच. पण तिच्यावर बघून कुणी 'सुधारणा नाही, भेटी बंद' असं लिहू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. आमच्या बाबतीत एकदा ते लिहिलं जाता जाता राहिलं. बाईंनी शेऱ्यात हातानं दोन ओळी जास्त लिहिल्या म्हणून.

स्वीडनमध्ये १९९४ सालापासून कायदाच आहे. तीव्र अपंगत्व असलेल्या माणसाला व्यक्तिगत साहाय्यक मिळतो, आणि तो कोण असावा हे ती व्यक्ती ठरवते. मूलभूत गरजांसाठी आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त मदत लागत असेल तर खर्च शासन उचलतं. वाचायला स्वप्नासारखं वाटतं. पण तिथेही पुढे ते वीस तास मोजण्यावरून वाद झाले, काय मूलभूत आणि काय नाही यावर न्यायालयांत खल झाला, माणसांची मदत गेली. श्वास घ्यायला लागणारी मदत कशी धरायची याच्यासाठीसुद्धा पुन्हा कायदा बदलावा लागला. म्हणजे एकदा मिळालं की मिळालं, असं याचं कुठेच नाही.

आमचे सहा मंगळवार असेच गेले. बाईंची कंत्राटी नेमणूक संपली होती आणि नवी व्हायची होती. आम्हाला कुणी कळवलंही नाही. पहिल्या मंगळवारी आईनं दाढी करून, स्वच्छ चादर घालून दादाला तयार ठेवलं आणि आम्ही दुपारपर्यंत वाट बघितली. तिसऱ्या मंगळवारी दादा म्हणाला, "दाढी राहू दे." चौथ्या आठवड्यात डाव्या कोपरात ताठरपणा आला. सहाव्या आठवड्यानंतर एक वेगळे गृहस्थ आले, चांगले होते, पण त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. कुठे दाबायचं नाही, कशानं पाय झटके देतात, संडासची वेळ काय. ते शेवटचं उघडच लिहिते. दादाची आतडी स्वतःहून काम करत नाहीत, एक दिवसाआड ठरल्या वेळी मदत करून पोट साफ करावं लागतं. ती वेळ दोन तास चुकली तर पुढचा दिवस अख्खा चुकतो. आणि हे काम करू देण्यासाठी ३१ वर्षांच्या माणसाला एका परक्या माणसासमोर संपूर्ण उघडं पडावं लागतं. दर पंधरा दिवसांनी परकं माणूस बदललं तर दर पंधरा दिवसांनी नव्यानं. नेदरलँड्समध्ये २००६ साली सुरू झालेल्या ब्युर्टझॉर्ग या संस्थेनं बाराएक नर्सची छोटी पथकं केली, प्रत्येक पथकाला एक वस्ती, कामाची वाटणी त्यांची त्यांनी करायची. यात कारभाराची काटकसर आहे असं लोक सांगतात, असेल. मला त्यातली ओळखीची माणसं दिसतात. तीच तीच माणसं.

आणि आई. तिच्याबद्दल लिहायला बसले की हात जड होतो. दादाला उशीकडे वर सरकवताना ती काखेत हात घालून ओढायची. त्यानं तिची कंबर गेली आणि त्याच्या खांद्यालाही ते बरं नव्हतं. सिस्टरांनी आडवी घालायची घडीची चादर दाखवली. दोन बाजूंनी दोघांनी धरून सरकवायचं, उचलायचं नाही. दोघांनी, हे ऐकून आई हसली. दुपारी घरात ती एकटीच असायची. तिला स्वतःचे डोळे तपासून घ्यायचे होते, ते तिनं चौदा महिने पुढे ढकललं. मोतीबिंदू होता. जर्मनीत १९९५ साली काळजीचा विमा सुरू झाला, त्यात घरच्या माणसाकडून काळजी घेतली जात असेल तर काही अटींवर त्या माणसाच्या पेन्शनचा हप्ता विमा भरतो, आणि ते माणूस आजारी पडलं किंवा सुटीवर गेलं तर बदली माणसाचा खर्च देतो. 'सुटी' हा शब्द मी आईला वाचून दाखवला नाही.

पण विसाव्याची सोय आमच्याकडेही आली, उशिरा का होईना. महिन्यातून दोन दिवस, सकाळी नऊ ते पाच, प्रशिक्षित माणूस. पहिल्या दिवशी आई घरातच बसून त्याच्यावर लक्ष ठेवत राहिली. दुसऱ्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. तिसऱ्या वेळी मी विचारलं, कुठे जाणार, तर म्हणाली, "शेजारच्या खोलीत. दार लावून झोपणार आहे." सलग साडेपाच तास झोपली.

एड रॉबर्ट्स नावाचा एक अमेरिकन माणूस होता. चौदाव्या वर्षी, १९५३ साली, पोलिओनं त्याचं मानेखालचं शरीर गेलं. रात्री त्याला श्वासासाठी लोखंडी फुप्फुस म्हणतात त्या यंत्रात झोपावं लागायचं. तो ते यंत्र घेऊन बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला गेला. वसतिगृहात जागा होईना, म्हणून तिथल्या इस्पितळाच्या एका भागात राहिला. १९७२ साली त्यानं आणि त्याच्यासारख्या सोबत्यांनी बर्कलेत स्वतंत्र जगण्याचं केंद्र सुरू केलं, अपंग माणसांनीच चालवलेलं. स्वतंत्र असणं म्हणजे आपली कामं आपण करता येणं, हे त्यांना मान्य नव्हतं. आपल्याला कोण उठवणार, कधी उठवणार, हे आपल्या हातात असणं, याला ते स्वातंत्र्य म्हणायचे. दादाला हे सांगितलं तेव्हा त्यानं काही प्रतिक्रिया दिली नाही. मला वाटलं, त्याला पटलं नसावं.

आता सहा वर्षं झालीत. जुन्या बाई परत आल्या आहेत, मंगळवारी दहाला येतात. डाव्या हाताच्या त्या पकडीत दादा काडी धरतो आणि उताराच्या स्टँडवर ठेवलेला फोन वापरतो. सावकाश, एकेक अक्षर. गेल्या सोमवारी रात्री मी त्याची कूस बदलायला गेले तर तो फोनवर बोलत होता, स्पीकर चालू होता, आवाज ओळखीचा वाटला म्हणून दारातच थांबले.

"बाई, उद्या दहाला नका येऊ. साडेअकराला या. आज मॅच उशिरापर्यंत आहे, मला सकाळी झोपायचंय."

पलीकडून बाई म्हणाल्या, "साडेअकराला दुसरं घर आहे. पावणेबारा चालेल?"

दादानं जरा विचार केला. "चालेल," म्हणाला, आणि काडीनं फोन बंद केला.